अनुजाचं हृदय

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळे म्हणतात आणि मीही ते हसण्यावारी नेते. कुणाचं ग्रीनकार्ड अडकलं, कुणाच्या मुलाने कॉलेज सोडलं — मला दुपारी कळलं की संध्याकाळपर्यंत ते प्रिन्स्टन जंक्शनच्या पलीकडे पोचलेलं असतं. पण एक गोष्ट मी पाच वर्षं गिळून बसले आहे. नवऱ्यालाही ती माहीत नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा — जाऊ दे. सांगतेच.

पण आधी मी कशी आहे ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. मी कुसुम, नागपूरची एम.एस्सी., इथे एका लॅबमध्ये केमिस्ट आहे. भित्री अजिबात नाही. दर गणपतीत अंधश्रद्धेवर कडकडीत भाषण कुणी ठोकत असेल तर ते मी. वेस्ट विंडसरमधलं हे घर आम्ही अमावास्येला घेतलं, तेही माझ्या हट्टाने. निघताना बायका 'येते' म्हणतात, 'जाते' म्हणत नाहीत — मी मुद्दाम दारात उभी राहून 'जाते हं' म्हणायची आणि चार काकूंचे चेहरे पडलेले बघून खूश व्हायची. मंडळाच्या नाटकांत तर माझ्याशिवाय पान हलायचं नाही. मोठ्याने रडणं, मोठ्याने हसणं, खोटं बोलणं — स्टेजवर मला सगळं जमायचं.

स्टेजवरच जमायचं असं नाही. पण त्याकडे येते.

अनुजा माझी एकुलती एक मुलगी. लहानपणापासून ती मिसेस कॉर्बेटच्या क्लासला बॅले शिकायला जायची. मिसेस कॉर्बेट म्हणजे पांढरा अंबाडा, ताठ मान आणि ठेका धरायला हातात काठी. त्या कुणाचं कौतुक करायच्या नाहीत. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांनी एक मोठा, जुना बॅले बसवायला घेतला आणि त्यातली मुख्य भूमिका अनुजाला दिली. इतक्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुली होत्या, त्यांतून माझी सावळी, नाकेली पोर त्यांनी उचलली. मी तो आठवडा लॅबमध्ये जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते.

त्या बॅलेला आमच्या घरी 'नवरींचा नाच' असंच नाव पडलं होतं. गोष्ट साधी. खेड्यातली एक मुलगी, नाचाची वेडी, हृदयाने नाजूक. वेष बदलून आलेल्या एका सरदाराच्या प्रेमात पडते. त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं आहे हे कळताच तिला वेड लागतं आणि ती तिथेच मरते. दुसऱ्या अंकात रान, चांदणं आणि लग्नाआधी मेलेल्या नवरींची भुतं — पांढऱ्या झग्यांत, तोंडावर पांढरा जाळीदार पडदा. सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. त्यांच्यातलंच एक भूत झालेली ती मुलगी मात्र त्या फसव्याला वाचवते.

मिसेस कॉर्बेट आम्हा आयांना बसवून त्याचा इतिहास सांगायच्या. पॅरिसमधल्या एका कवीने दुसऱ्या कवीच्या पुस्तकात या भुतांबद्दल वाचलं आणि ज्या नर्तकीवर त्याचा जीव जडला होता तिच्यासाठी ही गोष्ट रचली. पण त्या नर्तकीचे सगळे नाच बसवले तिच्यासोबत राहणाऱ्या दुसऱ्याच एका नर्तकाने, आणि जाहिरातीत त्याचं नाव आलंच नाही. नाव लागलं थिएटरच्या मुख्य नृत्यदिग्दर्शकाचं. हे सांगताना मिसेस कॉर्बेट अजून चिडायच्या. ज्याने केलं त्याचं नाव लागायला हवं, म्हणायच्या.

त्या मुलीला एक आई आहे. आईला नाचायचं नसतं, फक्त हातवारे करायचे असतात. मिसेस कॉर्बेटनी सगळ्या आयांवरून नजर फिरवली आणि काठी माझ्याकडे केली. नको कशाला म्हणू? त्यांनी मला खुणा शिकवल्या. तळहात छातीवर दाबून मान हलवली की, 'बाळ, नाचू नकोस, तुझं हृदय कमकुवत आहे.' दोन मुठी मनगटांशी एकमेकींवर आडव्या ठेवून खाली आणल्या की मरण. मी घरी भाजी चिरता चिरता त्या खुणा करायची आणि अनुजा हसून हसून लोळायची. आम्ही दोघी एकाच स्टेजवर! नागपूरला तीन पत्रं गेली.

मग पहिला अंक सलग करून बघायचा दिवस आला. अनुजाने केस सोडले होते. ती वेडी झाली, धडपडली, धावत येऊन माझ्या अंगावर कोसळली. मी खाली बसले. तिचं डोकं माझ्या मांडीवर. मान लुळी, तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. नाटकच ना? मला माहीत होतं, नाटकच. तरी मी तिच्या नाकाशी बोटं धरली. श्वास लागत होता. मिसेस कॉर्बेट म्हणाल्या, आता खूण कर. आणि मला त्या दोन मुठी एकमेकींवर ठेवता येईनात. आपल्याच पोरीला मांडीवर घेऊन, चारचौघांत, आपल्याच हातांनी 'ही मेली' म्हणायचं? अभद्र. हाच शब्द आला डोक्यात. माझ्या आजेसासूबाईंचा शब्द, ज्याची मी तोंडावर टिंगल केली होती.

पुढच्या तालमींत एका नवरीने येऊन तिच्या तोंडावर तो पांढरा पडदा घालायचा होता. ते मी बघूच शकणार नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

आता सरळ मार्ग काय होता? मिसेस कॉर्बेटना सांगायचं, 'बाई, मला भीती वाटते, आमच्यात असं करत नाहीत.' एवढंच. त्यांनी आईची भूमिका दुसरीला दिली असती. फार तर अनुजा मला महिनाभर चिडवत राहिली असती. पण मी — अंधश्रद्धेवर भाषणं देणारी कुसुम — असं कबूल करणार? आणि ते मंडळात पोचलं असतं तर? नाही. माझी मान खाली जाता कामा नये, एवढंच मला सुचलं.

दोन दिवसांनी, मुली यायच्या आधी मी मिसेस कॉर्बेटना गाठलं. आणि तळहात छातीवर दाबून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मान हलवत सांगितलं की अनुजाच्या हृदयाला भोक आहे. डॉक्टर म्हणालेत एवढा ताण नको. तिला आम्ही सांगितलेलं नाही, घाबरेल. तुम्हीही सांगू नका. मला वचन द्या.

थाप मी त्या बॅलेतूनच उचलली होती, शब्दन् शब्द. बाईंना ते कळलं नाही, कारण आई आपल्या मुलीबद्दल असं खोटं बोलेल हे त्यांच्या मनात कुठून येणार? त्यांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि बघा माझी अक्कल. खोटं मरण अभद्र म्हणून मी माझ्या पोरीला खरा आजार लावून दिला, माझ्याच तोंडाने.

त्या शनिवारी मिसेस कॉर्बेटनी अनुजाची भूमिका नॅन्सी नावाच्या मुलीला दिली. अनुजाला दिली सरदाराच्या वाग्दत्त वधूची, भरजरी झगा घालून बहुतेक वेळ बसून राहायची. का, ते सांगितलं नाही. त्यांनी वचन पाळलं. गाडीत अनुजा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, व्हॉट डिड आय डू राँग?"

इथे मी थांबू शकले असते. लाल सिग्नल होता, वेळही होता.

मी म्हटलं, "तू काही नाही केलंस, राजा. जरा त्या बाकीच्या मुलींकडे बघ आणि स्वतःकडे बघ. पांढऱ्या भुतांत बाईंना सावळं भूत नको असेल."

असं या देशात होतं, हे मला माहीत होतं. माझ्या बाबतीत झालं होतं, नवऱ्याच्या बाबतीत झालं होतं. म्हणूनच ते इतकं सहज पटलं. खऱ्या दुखण्याची चादर ओढून मी माझी थाप झाकली, आणि तिने एकही प्रश्न विचारला नाही.

पुढच्या क्लासला अनुजा सगळ्यांसमोर मिसेस कॉर्बेटपुढे उभी राहिली. "यू डिडन्ट वॉन्ट अ ब्राउन गर्ल," ती म्हणाली. मान ताठ — बाईंनीच शिकवलेली. मिसेस कॉर्बेट पांढऱ्या पडल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी कोट घेऊन उभी होते. एका शब्दाने त्या सुटल्या असत्या, पण तो शब्द त्यांनी काढला नाही. का, तर या पोरीला तिच्या हृदयाबद्दल कळू नये.

आणि मी? मी पुढे झाले, अनुजाच्या खांद्यावर हात टाकला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की मग मीही यात काम करणार नाही. काय एक्झिट घेतली म्हणून सांगू! गाडीत अनुजाने मला मिठी मारली. त्या दिवसापासून मी तिची हिरो आहे.

ती पुन्हा नाचली नाही.

दोन वर्षांनी मंडळाच्या गणपतीत मुलांना बोलायला लावलं, इथे वाढताना काय काय वाटतं यावर. अनुजाने हीच गोष्ट सांगितली. क्लासचं नाव घेतलं, बाईंचं घेतलं. "माय मदर वॉक्ड आउट विथ मी," म्हणाली, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. काकू डोळे पुसत माझ्याकडे आल्या. "कुसुम, काय ग धीराची तू! आमची पोर उद्यापासून त्या बाईकडे जाणार नाही, कॅन्सलच करते." एक नाही, सगळ्यांनीच केलं. आमच्या मुली गेल्या, त्यांचं ऐकून गुजराती आणि तेलुगू मुलीही गेल्या. मी हात जोडून उभी होते. आभार मानल्यासारखी.

अनुजा आता कॉलेजात आहे, वकील होणार म्हणते. आठवड्याला फोन करते. माझ्यावर तिचा फार जीव आहे.

मिसेस कॉर्बेट मला मधूनमधून सुपरमार्केटमध्ये भेटतात. भेटल्या की आधी आजूबाजूला कुणी नाही ना बघतात आणि हळूच विचारतात, "हाउ इज हर हार्ट?" मी म्हणते, बरं आहे. त्या म्हणतात, थँक गॉड.

गेल्या महिन्यात भेटल्या तेव्हा क्लास बंद करतेय म्हणाल्या. तुमच्याकडच्या किती गोड मुली यायच्या, सगळ्या एकदम का गेल्या ते कळलंच नाही. मग ट्रॉलीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी मला विचारलं — मला, कारण बाकीच्या आयांच्या मनातलं मला कळतं असं त्यांना वाटतं — की, मी मुलींशी फार कडक वागले का?

मी म्हटलं, "हो. थोड्या कडक होतात तुम्ही."