व्यंकटीची वाचा

आनंदराज देगलूरच्या शाळेत मराठी शिकवतो. गेली काही वर्षं तो आपल्या वडिलांवर, व्यंकटीवर, कादंबरी लिहीत होता. व्यंकटीची सारी हयात विहिरी खोदण्यात गेली. संध्याकाळी लेक लिहिलेलं वाचून दाखवायचा आणि म्हातारा बाजेवरूनच त्याला अडवायचा.

"मी असं बोलतो व्हय रे? हे तर तहसीलीतलं बोलणं हाय."

मग तेच वाक्य तो आपल्या तऱ्हेनं म्हणून दाखवायचा, आणि कागदावरच्या माणसात जीव यायचा.

एकच प्रसंग लिहायचा राहिला होता. उदगीरकडं एका विहिरीत दरड कोसळून व्यंकटीचा जोडीदार अमरनाथ गाडला गेला होता. व्यंकटी तेव्हा काठावर होता. त्यानं वरून सावध करायला हाक दिली की नाही, हे त्यानं घरात कधी सांगितलं नाही. आनंदराजनं विषय काढला की म्हणायचा, "ते मंग सांगतो. आधी बाकीचं लिही."

उन्हाळ्यात व्यंकटीला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली.

लातूरचे प्रकाशक फोनवर म्हणाले, तेवढं कल्पनेनं लिहा, कादंबरीच तर आहे. आनंदराज लिहायला बसला. वाक्यं सुबक उतरत होती, पण सगळी मास्तरची होती. म्हाताऱ्याच्या तोंडचा एक शब्द सापडेना.

शेवटी त्यानं प्रसंग दोन तऱ्हांनी लिहिला. एकात व्यंकटी जिवाच्या आकांतानं ओरडतो. दुसऱ्यात त्याला दरड सुटताना दिसते आणि त्याच्या घशातून आवाजच फुटत नाही.

पहिला मजकूर वाचून दाखवला. व्यंकटीनं मान हलवली, हो.

दुसरा वाचला. त्यालाही हो.

"बाबा, नेमकं कोणतं खरं?"

व्यंकटीचे ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली. त्यानं बरा हात उचलला, पोराच्या गुडघ्यावर ठेवला आणि पुन्हा मान हलवली. तो कशाला हो म्हणतोय, की फक्त थकलाय, हे आनंदराजला कळेना.

त्याची बायको तारामती दारातून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "पुरं करा आता. त्यांना तरास होऊन राहिला."

आनंदराजनं प्रकाशकांना कळवलं की कादंबरी एवढ्यात होणार नाही. आताही तो संध्याकाळी बाजेशी बसतो, वडिलांना चमच्यानं पेज भरवतो. वाचून मात्र काही दाखवत नाही.