धाकटीचा आवाज

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही. ती तान्ही असताना तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण कान गेले. तेव्हापासून आमच्या घरात हातांची एक भाषा तयार झाली. खांद्यावरून वेणी ओढल्यासारखं केलं की मी, मनगटावर बांगडी फिरवल्यासारखं केलं की आई, शर्टाच्या खिशावर थाप मारली की बाबा. बाबा तहसील कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या खिशाला कायम दोन पेन असायचे. आमचे आजी-आजोबा पैनगंगेच्या काठी लोकांच्या शेतात कापूस वेचायचे. आदिलाबादेत येऊन टेबलाशी बसलेले बाबा आमच्या घरातले पहिलेच.

लहानपणी धाकटी मोठमोठ्यानं ओरडायची. स्वतःचा आवाज तिला ऐकू यायचा नाही, त्यामुळे तो केवढा होतो आणि कुठे जातो याचा तिला पत्ताच नसायचा. बसमध्ये, बाजारात लोक वळून वळून बघायचे. मग आई तिच्या ओठांवर बोट ठेवायची. रागानं नाही, अगदी अलगद. पण रोज. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत धाकटीनं आवाज काढणं सोडून दिलं. पुढे ती रडायचीसुद्धा आवाज न करता. डोळ्यांतून पाणी यायचं, खांदे हलायचे, एवढंच.

ती सातवीत होती आणि मी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी आम्ही दोघी चक्कीवरून पिठाचा डबा घेऊन येत होतो. वस्तीतल्या विहारामागे एक हॉल आहे. लग्न, बैठका, सगळं तिथेच होतं. त्या दिवशी आत पांढऱ्या कपड्यांतली मुलं ओळीनं उभी राहून मुठी पुढे-मागे करत होती. धाकटीनं डबा खाली ठेवला, खिडकीचे गज धरले आणि ती हलेनाच. मी हात ओढला, तर तिनं झटकला. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे ती निघाली, आणि वाटेत मला खुणेनं म्हणाली, 'उद्या पण.'

दुसऱ्या दिवशी चक्कीवर काही काम नव्हतं, तरी आम्ही गेलो. तिसऱ्या दिवशीही. मग मी घरी विषय काढला.

"काऊन वं, तुले कळत नाई का?" आई म्हणाली. "तिले ऐकू येत नाई. मागून मार आला तं समजन कसं?"

"जाऊ दे ना तिले," बाबा म्हणाले. "एक डाव विचारून तं पाहू."

क्लास घेणाऱ्या बाईंना सगळी मुलं अक्का म्हणायची. त्या मंचेरियलच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी, लग्न होऊन आदिलाबादेत आलेल्या. दिवसा एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायच्या, संध्याकाळी कराटे शिकवायच्या. तेलुगू, हिंदी आणि थोडी मराठी अशी त्यांची तिहेरी भाषा. त्यांनी धाकटीकडे नीट बघून घेतलं आणि आईला म्हणाल्या, "कान नहीं तो क्या हुआ, आँख तो है ना? येऊ द्या." मग माझ्याकडे वळून, "पण तू पण यायचं. तू पुढे उभी, ती मागे. तुला बघून ती करणार."

मी अंगानं जाड, बोलायला बुजरी. कॉलेजात हजेरी दिली तरी मास्तरांना दोनदा नाव घ्यावं लागे. आणि आता चौथी-पाचवीतल्या पोरांच्या रांगेत पांढरा झगा घालून उभं राहायचं! पण धाकटी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी हो म्हटलं.

सुरुवातीचे दिवस लाजेचे गेले. अक्का जपानी आकडे मोजायच्या, मी मूठ पुढे करायचे, माझ्या पाठीकडे बघून धाकटी करायची. पाय फाकवून खाली बसल्यासारखं उभं राहायचं असे, तेव्हा माझ्या मांड्या थरथरायच्या. घरी आल्यावर पायऱ्या चढायला भिंत धरावी लागायची. पण पावसाळा संपून बाजारात कापसाच्या गाड्या यायला लागल्या तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अक्कांनी आम्हाला मागे फिरायला लावलं की धाकटी माझ्या पुढे यायची, आणि माझं सगळं बरोबर यायचं. मी तिला बघून करत होते. तिचा पाय जिथे पडायचा तिथेच राहायचा. माझा डुगडुगायचा.

तिला एकच गोष्ट येत नव्हती. जोराचा ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. सगळी पोरं घसा फाडून ओरडायची, धाकटी नुसतं तोंड उघडायची. अक्कांनी तिचा तळवा स्वतःच्या पोटावर ठेवला आणि त्या ओरडल्या. धाकटीनं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. पोटातलं ते हलणं तिला फार आवडलं. पण तिचा स्वतःचा आवाज काही निघेना. तोंड उघडलं की तिची नजर आधी दाराकडे जायची. ओठांवर बोट ठेवायला आई आली नाही ना, हे ती बघते, ते फक्त मला माहीत होतं.

मग समोरासमोरच्या लढतीचे दिवस आले. अक्कांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. मी मूठ उगारायचे आणि तिच्यापासून वीतभर आधीच थांबवायचे. तिचा हात आला की मीच मागे सरायचे. असं दोन-तीनदा झालं आणि धाकटीनं दोन्ही हात खाली सोडले. तळवा ओठांवरून आडवा पुसला. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'खोटं.' ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून बसली. मी जवळ गेले तर तिनं तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की तिच्याशी बोलणंच संपतं.

अक्का माझ्याजवळ आल्या. "तू मारतच नाही," त्या म्हणाल्या. "मग ती काय रोकणार?"

"माझी लहान बहीण आहे, अक्का."

"घरी बहीण. इथं समोरची."

त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत धाकटी माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. मला फार लागलं ते. तिला मी जपते, रस्ता ओलांडताना तिचा हात धरते, दुकानात तिच्या वतीनं बोलते, याचा मला अभिमान होता. माझं जपणं तिला जड होत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खरा ठोसा मारला. तो तिच्या खांद्यावर बसला आणि ती हेलपाटली. मी धावणारच होते, पण तिनं डोळे असे वटारले की मी जागेवरच थांबले. मी पुन्हा मारला. या वेळी तिनं मनगटानं माझा हात बाहेर उडवला, एक पाऊल आत आली आणि तिची मूठ माझ्या बरगड्यांखाली लागली. त्याच क्षणी तिच्या पोटातून आवाज आला. जाड, खरखरीत, शेवटी एकदम वर चढलेला. तसा आवाज त्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

सगळे थांबले. एक-दोन पोरं हसली. धाकटीला ते दिसलं आणि तिचा हात तोंडाकडे जायला लागला. अक्का मधे आल्या, तो हात धरून खाली केला आणि म्हणाल्या, "मल्ली." तेलुगूत मल्ली म्हणजे पुन्हा. शब्द ऐकू आला नसला तरी अक्कांचा चेहरा तिला वाचता आला. ती पुन्हा ओरडली. पुन्हा. मी बरगड्या दाबून उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. लागलं म्हणून रडते असं पोरांना वाटलं.

बाहेर आलो तर आई पायरीजवळ भाजीची पिशवी घेऊन उभी. बाजारातून येता येता थांबली होती.

"कोन पोरगी वं ते?" तिनं विचारलं. "भल्लाच आवाज होता तिचा. रस्त्यापावतर आला."

"तुहीच पोरगी," मी म्हटलं.

आई पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मले वळखू नाई आला."

घरी आल्यावर तिनं धाकटीची वेणी घालायला घेतली. घालता घालता हात थांबवला आणि तिच्या गळ्यावर बोटं ठेवून 'कर ना' अशी खूण केली. धाकटी लाजली, हसली आणि अर्धी वेणी तशीच सोडून पळाली.

त्यानंतर शिकायची पाळी माझी होती. माझं ओरडणं चिमणीसारखं. अक्कांनी केलं तसंच धाकटी माझ्या पोटावर हात ठेवायची, मी ओरडायचे आणि ती मान हलवायची, नाही. घरी, गच्चीवर, भांडी घासताना, कधीही यायची आणि पोटावर हात ठेवायची. शेवटी एकदा तिनं मान डोलावली. तेव्हा मला झाला तेवढा आनंद डिग्रीचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

पट्ट्याची परीक्षा निर्मल गावी होती. परीक्षक बाहेरगावचे, आणि धाकटीला ऐकू येत नाही हे अक्कांनी त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. ती त्यांच्या हनुवटीवर नजर ठेवून सगळं करत गेली. पण एकदा त्यांनी आमच्या पाठीमागून आज्ञा दिली. सगळे वळले, धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी. मी शेजारीच होते. हात लांबवला असता तर तिला कळलं असतं. हात उचललाही होता, पण पुन्हा कमरेशी आणला. तेवढ्यात बाकीच्यांच्या पायांचा हादरा तिला जमिनीतून कळला आणि ती वळली, थोडी उशिरा, पण ठाम. परीक्षकांनी उशीर का म्हणून विचारलं, तेव्हा अक्कांनी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा कर, समोरून सांगतो. मी खुणेनं तिला ते कळवलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. झालं ते झालं. पट्टा तिला मिळाला. मला पुढच्या खेपेला मिळाला.

पुढे मी बी.एड. केलं आणि महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या एका गावात मराठी शाळेवर लागले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा पाय आपोआप खांद्याएवढे फाकले आणि आवाज पोटातून निघाला. शेवटच्या बाकावरची पोरं दचकून सरळ बसली. शनिवारी मी आदिलाबादेला येते. अलीकडे अक्कांनी लहान मुलींची तुकडी धाकटीकडे सोपवली आहे. परवा मी हॉलशी पोचले तेव्हा त्या मुली ओळीनं ओरडत होत्या, आणि सगळ्यांचा आवाज जाड, खरखरीत, शेवटी वर चढलेला. त्यांना वाटतं, ओरडायची रीतच तशी आहे. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. धाकटीला सांगितलं तेव्हा तिला काय विशेष ते कळलं नाही. वेगळं कसं असतं हे तिला कोण समजावणार?

मंचेरियलला ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. तिथे आठवड्यातून एकदा शिकवायला येशील का, असं अक्कांच्या ओळखीतून विचारणं आलंय. जेवताना त्यावर बोलणं झालं. बसनं जायचं, वाटेत उतरून दुसरी धरायची.

"मी जाईन तिच्यासंगं," मी म्हटलं.

धाकटीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग ते एकच बोट उभं धरलं. मी. एकटी.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "डबा कितीक वाजता पायजे, ते विचार तिले."