नवरीचे डोळे

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी भिंतीकडे तोंड करून काढलं. खरोखरच काढलं. माझं सासर चिताऱ्याचं, कळंबपासून दोन कोसांवरच्या गावात. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. कुणाकडे लग्न निघालं की त्यांच्या दारालगतची भिंत माझे सासरे रंगवायचे. वर गणपती, खाली हत्ती-घोडे, मधोमध नवरा-नवरी. माझे यजमान सोलापूरला गिरणीत कामाला आणि सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून सासऱ्यांच्या हाताखाली मी. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला आणि पुढ्यात भिंत. गावातली माणसं मी पायांवरून ओळखायची.

मला हे काम शिकायचं नव्हतं. पण विचारतो कोण? चुना कालवणं, बाभळीचा डिंक भिजवणं, गेरू वाटणं, शिंदीची काडी चावून तिचा कुंचला करणं, यातच पहिले सहा महिने गेले. काडी चावून चावून हिरड्या सुजायच्या. मग हातात कुंचला आला आणि हत्तीचे पाय काढायचा हुकूम झाला. नुसते पाय. वरचा हत्ती मामंजी काढणार. मी इतके पाय काढले की त्या जनावराला सोंड असते हेच विसरून गेले. पाय वाकडा झाला तर मामंजी बोलायचे नाहीत. ओलं फडकं घेऊन पुसायचे आणि बाजूला व्हायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्षाच्या शेवटी मी सगळं काढू लागले होते, डोळे सोडून. डोळे फक्त घरातल्या वडीलधाऱ्या चिताऱ्यानं काढायचे, तेही सगळ्यात शेवटी. त्याला 'डोळे उघडणं' म्हणत. आणि एक रीत होती. भिंतीवर नवरा-नवरी उभे राहिले की त्यांचे डोळे उघडेपर्यंत चिताऱ्याच्या घरातल्या कुणीही गावची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर तो संसार आंधळा होतो म्हणे. माझा संसार कसा चालला होता, ते मात्र कुणी विचारत नव्हतं.

एका मोठ्या घरची भिंत आम्ही अशीच डोळ्यांवर आणून ठेवली होती, आणि माझा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन दारात आला. माझं माहेर बार्शीजवळ, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. मधे करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा नाका. दिवस वाईट होते, रस्ता आज आहे तर उद्या नाही अशी गत.

"आई तापानं फणफणलीय," दादा म्हणाला. "आठ दिस झाले, तुझंच नाव घेतीया."

मी मामंजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "डोळे उघडले की जा. म्या आडवणार न्हाय."

डोळे उघडायला कितीसा वेळ लागतो? चार ठिपके आणि चार रेघा. पण दुसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, ऊन नीट नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, भिंतीला ओल आहे. मी तळहात लावून पाहिला, भिंत तव्यासारखी कोरडी होती. चौथ्या दिवशी त्यांनी कुंचला हातात घेतला, भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि काडी बरोबर चावली गेली नाही म्हणून परत दिली. मी चावलेली काडी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कामाला दोन हात मिळालेत, ते सोडवत नाहीत म्हाताऱ्याला, अशी माझी खात्री पटली. तिकडे आई मरतेय आणि इकडे मी दोन बिनडोळ्यांच्या बाहुल्यांना बांधलेली.

दादा म्हणाला, "उद्या पहाटं म्या निघनार. तू येतीस का न्हाय, ते तूच बघ." मामंजींनी हो म्हटल्याशिवाय तोही मला नेणार नव्हता.

त्या दुपारी लग्नघरची माणसं जेवून लवंडली होती. मामंजी लिंबाखाली बाजेवर पडले होते. दादाची गाडी समोरच्या बोळात सुटलेली, बैल रवंथ करत उभे. मी काजळीत कुंचला बुडवला आणि डोळे उघडले. आधी नवऱ्याचे, मग नवरीचे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चुना-काजळीची भांडी धुऊन येते तोवर भिंतीपुढे बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "अगं बया, नवरी कुणीकडं बघतीया?"

भिंतीवरच्या नवरीनं नवऱ्याकडे तरी बघायचं, नाहीतर खाली. तिची बुबुळं मी बाहेरच्या कोपऱ्यात घातली होती. ती नवऱ्याकडे पाठ फिरवल्यासारखी सरळ बोळाकडे, गाडीच्या दिशेनं बघत होती. काढताना मला कळलंही नव्हतं.

घरधनी बाहेर आला. लग्न चार दिवसांवर, आणि दारात अशी नवरी, जी घरात यायच्या आधीच बाहेरची वाट बघते. तो संतापला, आणि त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. "कुनी काढले हे डोळे?" त्यानं विचारलं.

गलका ऐकून मामंजी उठून आले. भिंतीच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. मग त्यांनी बोट टेकवलं आणि नवरीचा चेहरा शोधू लागले. बोट नवऱ्याच्या फेट्यावर गेलं, तिथून घोड्याच्या मानेवर. नवरी त्यांना सापडेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊन, ओल, काडी, सगळी निमित्तं होती. मामंजींना दिसत नव्हतं. ते चार दिवस माझ्याइतकेच अडकले होते, आणि कुणाला सांगूही शकत नव्हते.

"म्याच काढले," मामंजी म्हणाले. "हात चुकला. वय झालं आता."

"उद्या चुना फासून घेतो," घरधनी म्हणाला. "आन् तुमी परत आमच्या दारात येऊ नगा."

मी तिथंच उभी होते. एक शब्द पुरला असता. पण मी सांगितलं असतं तर माझ्या हातचे डोळे हे डोळेच ठरले नसते. भिंत आंधळी ती आंधळीच, आणि शीव बंद ती बंदच. हा हिशेब मी तेवढ्या क्षणात केला. मी पदर आणखी पुढे ओढला.

मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले, "डोळे उघडले. जा आता, पोरी. आईला भेट."

पहाटे आम्ही निघालो. नाका ओलांडला तेव्हा दादा हसला, मला हसू आलं नाही. आई बरी झाली. पुढे पुष्कळ वर्षं जगली.

रस्ते सुरळीत व्हायला चार महिने लागले, तेव्हा मी परत आले. तोवर निजामी गेली होती. आजूबाजूच्या गावांत लग्नं झाली होती, पण मामंजींना एकाही घरानं बोलावलं नव्हतं. चुकलेल्या डोळ्यांची गोष्ट मी येण्याआधीच सगळीकडे पोचली होती. ते ओसरीवर बसून होते, माझी चाहूल लागली तसे त्यांनी विचारलं, "आई कशी हाय?"

"बरी हाय," मी म्हटलं आणि त्यांच्या पायाशी बसले. "मामंजी, त्या दिवशी ती नवरी..."

"ती म्या काढली," ते म्हणाले. "त्याचं काय आता?"

पुन्हा एकदा बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. सून चोरून डोळे उघडते, हे गावाला कळलं असतं तर मला या घरात राहणं कठीण झालं असतं. त्याचा विचार त्यांनी त्या दुपारीच केला होता. माझा विचार तेव्हा फक्त गाडीपाशी होता.

ते आणखी सहा वर्षं जगले. त्यांचं जेवणाचं ताट मीच मांडायचे, आणि भाकरी कुठे, भाजी कुठे, ते त्यांचा हात धरून दाखवायचे.