दांड्याजवळचं शिसं

भवानी पेठेत कापडाच्या मागांचे सुटे भाग दुरुस्त करणारे आमचे मामा हातात येणारी वस्तू आधी तळहातावर झुलवून तोलतात. चहाचा कपसुद्धा. गिरणी कामगारांच्या युनियनसाठी मी लिहितो ती पत्रकं एकदा तोलून म्हणाले, "पुढारी, लई हलकी हायत की."

गिरणीचा साहेब माळावर गोल्फ खेळतो. त्याचा प्रत्येक फटका उजवीकडे वळायचा आणि चेंडू कामगारांच्या झोपड्यांवर पडायचे. त्याची काठी दुरुस्तीला आली तेव्हा मामांनी कुणाला न विचारता तिच्या डोक्याला, दांड्याजवळ, शिशाची पट्टी ठोकली.

"वजन हितं आलं, की डोकं लौकर फिरतंय. चेंडू डावीकडं जातोय."

झोपड्या वाचल्या. पण डावीकडे एका धनगर बाईच्या शेळ्या चरत होत्या. चेंडू लागून तिच्या गाभण शेळीचा डोळा फुटला.

मी संतापून पत्रक लिहिलं, साहेबाचं नाव ठळक घातलं. ते वाचून मामांनी मान खाली घातली.

"माझं बी नाव घाल. त्याच्या आदी घाल."

"मामा, मग साहेब सुटतो की."

"त्यानं शेळ्या बगितल्याच न्हायत. मी काठी द्यायला गेलो तवा बगितल्या व्हत्या. लांब हायत म्हनलं, गप बसलो."

पत्रकात दोषी एकच असावा, असं मला शिकवलेलं. मामा समोरून हलेनात. शेवटी साहेबाच्या नावाच्या वर मी त्यांचं नाव लिहिलं. लिहिताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.