उरलेलं पायताण

चाळिशीला टेकलेल्या माणसानं खेळण्यातली गाडी घेऊन दगडाधोंड्यांत हिंडावं, हे तानाक्काला पटलेलं नाही. पटलेलं नाही आणि तिनं ते पोटातही ठेवलेलं नाही. गल्लीतल्या चार दारांत, पिठाच्या गिरणीत आणि खुद्द लेकाच्या तोंडावर तिनं ते वाजवून सांगितलंय. लेक सर्जेराव. एमआयडीसीत लेथवर काम करतो, हाताखाली माणसं आहेत, मिशीत पांढरं डोकावायला लागलंय. पण रविवार उजाडला की हा बाबा सोप्यात फळी मांडतो आणि हातभर लांबीच्या जीपच्या पोटात स्क्रू पिळत बसतो.

आजही जेवण झाल्यापासून तेच चाललंय. जीपच्या आतली प्लास्टिकची दातेरी चक्रं त्यानं काढून टाकली, त्या जागी स्वतः लेथवर कातलेली पितळी बसवली. चाकांना नवे मऊ टायर चढवले, बोटानं दाबले तर भाकरीच्या पिठासारखे दबणारे. आता पुढच्या चाकांच्या आत पितळी कड्या घालतोय.

"पितळ घातलंस की रं त्या डबड्यात," कॉटवर पाय पसरत तानाक्का म्हणते. "बायकूच्या गळ्यात काय घालशील, तर त्ये न्हाई."

"वजन पुढं आन खाली पायजे, आई. वर ऱ्हायलं की चढावर गाडी मागं पलटी खाती."

"मला शिकीव. तू पोटात असताना दोन घागरी डोईवर घेऊन मी नदीचा चढ चढलीया. वजन वरच व्हतं. पलटी खाल्ली का मी?"

आत भांडी घासता घासता सून वैजू फिसकन हसते. सर्जेरावही हसतो, फळीचं एक टोक उचलून तिरकं धरतो आणि जीप त्यावर ठेवतो. पिस्तुलासारखा रिमोट हातात घेऊन बोट दाबतो. घूं करत जीप अर्ध्या फळीपर्यंत चढते. तो बोट सोडतो. जीप तिथंच थांबते, पालीसारखी चिकटून.

"बघ. नवा ब्रेक. बोट सोडलं की जागच्या जागी. केसभर मागं येत न्हाई."

"दगड लागत न्हाई मागनं?"

"न्हाई लागत."

तानाक्का गप्प होते. तिला गप्प करणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि दगड ही त्यातली एक.

खरं तर तिचं भांडण गाडीशी नाहीच. तिला धाक आहे तो खाणीचा. गावाबाहेर दगडाची खाण आहे. सर्जेरावाला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याचा बाप तिथं डंपर चालवायचा. एकदा चढावर भरला डंपर थांबवून तो खाली उतरला, आणि चाकामागं दगड लावायचा राहिला. डंपर मागं आला, तो बापाला घेऊनच खाली गेला. पुढं खाण बंद पडली, तळाशी पाणी साचलं. हिरवं. त्याचा ठाव कुणाला लागलेला नाही. आणि तिथंच हा दर रविवारी जातो, कारण म्हणे असले दगड दुसरीकडं नाहीत. गाडी दगड चढत येते आणि हा तिच्यावर डोळे लावून, तिच्याकडं तोंड करून, मागं मागं चालत राहतो. मागं काय आहे ते त्याच्या डोळ्यांना माहीत नसतं.

गेल्या रविवारी तो घरी आला तो एकाच पायात पायताण घालून.

"दुसरं कुठं हाय रं?"

"कडंवरनं निसटलं. पाण्यात गेलं." वर दात काढून, "पायताण गेलं आई, पाय ऱ्हायला की!"

उरलेलं पायताण वैजू उकिरड्यावर टाकायला निघाली होती. जोडीतलं एक घरात ठेवू नये म्हणतात. तानाक्कानं ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि आपल्या कॉटखाली सारलं. का, ते तिलाच नीट सांगता आलं नसतं.

"उन्हं उतरली की निघतो," सर्जेराव म्हणतो आणि परत बोट दाबतो.

"जा. बापाची जागा बघून ये," असं ती बोलून जाते. बोलल्यावर जीभ चावते. पण तोवर डोळे जड झालेले असतात. जीपचं घूं घूं कानात चाललेलं असतं, लांबत जातं, जाड होत जातं, पहिल्या गिअरमध्ये भरला डंपर चढाला लागावा तसं.

जीप आता एकटीच चाललीय. फळीजवळ कुणी नाही. सोपा ओलांडून ती उंबरठ्यावर चढते, पलीकडं उतरते, स्वयंपाकघरात जाते. तानाक्का उठून मागं जाते. गुडघे दुखत नाहीत. खरं तर तिथंच तिला संशय यायला हवा होता.

आत भांड्यांची मांडणी कड्याएवढी उंच आहे. जीप तिच्यावर चढतेय. डब्यांच्या झाकणांना, पातेल्यांच्या काठांना तिचे मऊ टायर हातासारखे चाचपतात, धरतात, ओढून घेतात. एकही भांडं वाजत नाही. मोरीत पाणी आहे, मोरीच्या काठापर्यंत, हिरवं. काठावर एक माणूस पाठमोरा बसून पाय धुतोय. खाकी शर्ट. कॉलर फाटलेली, तिनंच रफू केलेली.

"कोण हाय?" तानाक्का विचारते. विचारायची गरज नसते.

"लई दिवसांनी आलो. वळख इसरलीस?"

जेवायला वाढू का, असं सवयीनं तिच्या ओठांवर येतं. ती ते गिळते. मेलेलं माणूस सपनात काही देऊन गेलं तर बरं, घेऊन गेलं तर घरातलं कुणीतरी त्याच्या मागोमाग जातं. हे तिला सासूनं सांगितलं होतं. सासू बाकी कशात खरी नव्हती, यात होती. सासूच्या धाकट्या दिराला सपनात बापानं घोंगडं मागितलं. त्यानं दिलं. पुढची संक्रांत त्याच्या बायकोनं पांढऱ्या कपाळानं काढली.

तो वळतो. चेहरा तसाच आहे, फक्त ओला. एका पायात पायताण आहे, एक पाय उघडा. पायताणाच्या अंगठ्याजवळ लाल दोऱ्याचा टाका आहे. तो टाका तानाक्कानंच घातलाय, याच उन्हाळ्यात, सर्जेरावाच्या पायताणाला.

तिच्या अंगावर काटा उभा राहतो तो पायांपासून.

"एकच आलं खाली," तो म्हणतो. "जोडीचं कुठं हाय?"

"घरात न्हाई."

"कॉटखाली हाय."

"हाय तर हाय. तुमच्या मापाचं न्हाई त्ये."

"व्हईल की मापाचं." तो हात पुढं करतो. "दे, तानू. एका पायानं किती चालू?"

"चालू नगासा. बसा तितंच."

तो हसतो. संसारात ती असं बोलली की तो असाच हसायचा, आणि मग त्याला पाहिजे तेच करायचा. ती मागं सरते. पायताण तिच्या हातात आहे. ते कॉटखालून कधी काढलं ते तिला आठवत नाही. तिनं ते छातीशी धरलंय आणि त्याचं चामडं धडधडतंय, की तिची छाती, हे कळत नाही.

मांडणीच्या जागी काळा दगड आहे. दगडावर पहारीचे उभे वळ. ती डंपरच्या केबिनमध्ये बसलीय, बुडाखाली मात्र तिच्या कॉटच्याच पट्ट्या आहेत. डंपर चढावर उभा आहे. शेजारी स्टिअरिंगवर तो. काचेपलीकडं ती हातभर जीप एका धोंड्यावर चढते, अर्ध्यात थांबते, तशीच राहते.

"बिनदगडाची थांबली की गं," तो म्हणतो. आवाजात लहान पोराचं नवल असतं. "कुणी केली?"

"तुमच्याच पोरानं." इतक्या भीतीतसुद्धा तिची मान ताठ होते. "पितळ बी त्यानंच कातलंय. वजन पुढं आन खाली."

"शाणा झाला." तो स्टिअरिंगवर पुढं वाकतो. "गाडीला दगड लागत न्हाई. आन चालवणाऱ्याला?"

ती उत्तर द्यायला वळते. स्टिअरिंगवर कुणी नाही. सीट ओली आहे.

समोर जीप परत चालू झालेली असते. जीपच्या पुढं, तिच्याकडं तोंड करून, एक माणूस मागं मागं चाललाय. हातात पिस्तुलासारखा रिमोट. अंगात तो खाकी शर्ट, रफू केलेली कॉलर. मान मात्र सर्जेरावाची. पायांत काही नाही. एक पाऊल मागं. आणखी एक. त्याच्या टाचांमागं दगड संपतो आणि हिरवं सुरू होतं.

"सर्जा!" ती ओरडते. तोंडातून घूं एवढाच आवाज निघतो, जीपचा. तो आवाज ऐकून मान खुशीत डोलते. गाडी छान पळतेय असं त्याला वाटतं.

आणखी एक पाऊल.

दार उघडत नाही. पदर कशात तरी अडकलाय. मग तानाक्का उभ्या जन्मात केलं नाही ते करते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणून तिनं उखाण्यातसुद्धा कधी ते पुरतं उच्चारलं नव्हतं. आता घटायचं काय राहिलंय?

"दौलत!"

खाणीत नाव घुमतं. मागं जाणारी टाच कडेवर थांबते, अर्धी दगडावर, अर्धी वाऱ्यावर. आणि तिच्या खाली, पाण्यात कमरेपर्यंत, तो उभा आहे. वर बघतोय. दोन्ही हात वर धरलेत. ते हात कोपरापासून पुढं पाण्यासारखे आहेत, त्यांच्यातून पलीकडचा दगड दिसतो.

"पायताण आलं, त्ये झेललं," तो म्हणतो. तिथून बोलतो, पण आवाज तिच्या कानापाशी येतो. "पाय आला तर माझ्यानं झेलायचा न्हाई, तानू. हात तसलं ऱ्हायलं न्हाईत."

"मग पायताण कशाला मागतासा, मुडद्या?"

"मागत न्हाई आता. धर नीट."

थंडगार बोटं तिच्या छातीवरच्या पायताणाला लागतात. ती ते सोडत नाही. ती त्यावर वाकते, दात आवळते, नखं रोवते. पदराला हिसका बसतो, एक, आणखी एक, कुणीतरी पाय रोवून दोर ताणावा तसा. तिला वाटतं, नेलं. आता नेलं. ती ओरडते आणि या वेळी आवाज तिचाच निघतो.

सोप्यात उन्हं उतरलेली आहेत. फळी रिकामी आहे. बाहेर वैजू कुणाशी तरी बोलतेय.

पायताण तानाक्काच्या हाताखाली आहे, छातीवर. त्याचं तिला नवल वाटत नाही. झोपेत हात कॉटखाली गेला असेल. म्हातारं माणूस झोपेत काय काय करतं. ती उठायला जाते आणि पदर ओढला जातो.

पदराचं टोक पायताणाच्या पट्ट्यातून ओवलेलं आहे. दोन वेढे, त्यातून ओढून घेतलेला फास, शेवट आत खोचलेला. ताडपत्रीची गाठ. भरल्या डंपरवर तो मारायचा ती. वारा आला, पाऊस आला, सुटायची नाही. सरपणाच्या भाऱ्याला मला शिकवा, असं ती त्याला कितीदा म्हणाली होती. बायकांच्या बोटांत बसत न्हाई, म्हणायचा. शिकवली नाहीच. तिला येत नाही. सर्जेरावाला यायचं कारण नाही.

ती गाठीवर बोट ठेवते. गाठ ओली आहे.

घेऊन गेला नाही. हे ती मनाशी तीनदा म्हणते. घेऊन गेला नाही, बांधून गेला.

"आई, निघालो गं." दारात सर्जेराव. काखेत जीप, खांद्याला पिशवी, पायांत नवीकोरी पायताणं. मग त्याची नजर तिच्या पदरावर जाते. "हे काय बांधून बसलीयास? आन अशी घामाघूम का?"

"माझं पायताण काढ भाईर."

"कुठं निघालीस?"

"खाणीवर."

तो हसायला लागतो. तिच्याकडं बघून हसू अर्ध्यावर राहतं. "आई, तितं तुझं काय काम? दगडातनं तुला चालायला तरी येईल का?"

तानाक्का पदर सोडवत नाही. पायताणासकट तो खांद्यावर टाकते, कॉटच्या पायाला धरून उभी राहते. गुडघे ठणकतात. बरं वाटतं.

"ऐक, सर्जा. गाडी तू चांगली केलीस. तिला दगड लागत न्हाई, बघितलं मी. पर तुला लागतो. तू बापाच्या वळणावर गेलायस, चढावर उभं ऱ्हायाचं आन मागं बघायचं इसरायचं. म्हणून आजपस्नं दर रविवारी मी यायची. कडंला पाठ करून मी बसणार. गाडी बघत मागं मागं ये खुशाल, मी न्हाई म्हणत न्हाई. तुझी टाच माझ्या गुडघ्याला लागली की समजायचं, रस्ता सपला. आन आईला तुडवून त्याच्या पल्याड जायची छाती असंल, तर जा."