गाणं थांबलं की

खिडकीकाका आमच्या घरी यायचे ते बसायला नव्हे. चपला काढल्या की तडक बाथरूमकडे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांना खरं आडनाव होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. मूळचे नागपूरकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आमच्याकडे खुर्च्याही आहेत बरं का." ते आतूनच म्हणाले, "खुर्ची जीव नाही घेत, ताई."

घरोघरी त्यांचा हाच उद्योग, बंद खिडक्या उघडत फिरायचं; नावही त्यावरूनच पडलेलं. बंद खोलीत डासांची कॉइल जळताना दिसली की विझवायची, पलंगामागची काळी बुरशी खरवडून घरमालकिणीच्या नाकाखाली धरायची. पण खरा राग गॅस गीझरवर. "हे यंत्र आतली हवा खाते अन् जहर सोडते. वास नाही, धूर नाही. माणसाला वाटते, झोप येऊन राहिली." आमच्या घरात मी आणि माझी मुलगी जुई, दोघीच. तिला त्यांनी दोन नियम घालून दिले होते. आंघोळीला जाताना कडी लावायची नाही आणि आत असेपर्यंत गाणं म्हणायचं. जुई बेसूर, पण गुणाची. रोज रेकायची. मी म्हणायचे, "काका, हिच्या गाण्यापेक्षा जहर परवडलं." हे मी बोलले आहे, माझ्या तोंडानं.

आमच्या बाथरूमच्या खिडकीतून कबुतरं आत शिरायची, म्हणून मी तिथे थर्माकोलचा तुकडा चिकटपट्टीनं बसवला होता. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत हेच. दसऱ्याला काकांनी तो उपटला आणि काखोटीला मारून घेऊन गेले. माझ्या घरात येऊन हे कोण उपटणारे? असा संताप आला मला की विचारू नका. दिवाळीच्या आदल्या दिवशी थंडीचं निमित्त करून मी नवा तुकडा लावला, चांगला दुप्पट जाड.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी काकांना सकाळी फराळाला बोलावलं होतं. माझी आंघोळ झाली आणि मागोमाग जुई आत गेली, त्यामुळे गीझरला उसंत नव्हती. त्या दिवशी काका पहिल्यांदा खुर्चीत बसले. चकलीचा तुकडा मोडला आणि हात तसाच राहिला.

"गाणं थांबलं."

"केस धूत असेल हो. सणासुदीला तरी..."

तोवर ते उठलेही होते. "ताई, चादर घ्या अन् आत जा. आत्ता."

दार ढकलताच उघडलं. जुई भिंतीला टेकून बसली होती, अंगावर उटणं तसंच, मान कलंडलेली. दोघांनी तिला ओढत बाल्कनीत आणलं. काकांनी गॅस बंद केला, खिडकीचा थर्माकोल फाडला आणि रिक्षा आणायला खाली धावले.

दवाखान्यात जुईनं डोळे उघडेपर्यंत ते माझ्या शेजारी बसून होते. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आमची मंडळी आंघोळ करताना भीमगीत म्हणायची. मी बाहेर पेपर वाचत होतो. आवाज थांबला, तर मला वाटलं, गाणं संपलं." मी तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांच्या पाया पडले.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. जुई नोकरीसाठी परगावी असते. आमचा गीझर बाल्कनीत गेला आणि सोसायटीत मला खिडकीकाकू म्हणतात. म्हणोत बापडे. वरच्या मजल्यावर नवीन जोडपं आलंय. मी पहिल्याच भेटीत चपला काढून तडक बाथरूममध्ये गेले, तर आत गॅस गीझर आणि खिडकीला थर्माकोल. सगळं समजावून सांगितलं, गाण्याचंसुद्धा. ती पोरगी गोड हसली. "काकू, कबुतरं फार येतात हो." गाणं मात्र म्हणते, बहुधा माझी थट्टा म्हणून.

आज सकाळी कडाक्याची थंडी होती. मी चहा गाळत होते, वरून तिचा आवाज येत होता. मग तो थांबला. पाणी पडतच होतं. संपलं असेल गाणं, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याबरोबर हातातलं गाळणं टाकून मी अनवाणीच जिना चढायला लागले.