जामखेडला आलेलं चव्वेचाळीस साल

नव्व्याण्णव साल सरत आलं होतं आणि सगळ्या जगाचं माझ्यावाचून अडलं होतं. निदान माझी तशी ठाम समजूत होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा होऊन जेमतेम वर्ष झालेलं, केडगावहून नगरला सायकलवर जाऊन एका चिमुकल्या कंपनीत नोकरी करणारी मी, आणि माझ्यासमोर तेलगिरणीवाले, औषधांचे होलसेलवाले हात जोडून बसायचे. "मॅडम, एक जानेवारीला आमचं कसं होणार?" त्याआधी मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, आणि पुढंही इतक्या काकुळतीनं कुणी म्हटलं नाही.

भानगड अशी होती की जुन्या मशिनांना सालाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे. नव्व्याण्णव संपून शून्य-शून्य आलं की ती समजणार, एकोणीसशे साल उजाडलं. मग वय, मुदत, वार, सगळ्याचा चुथडा. मी जायचे, मशीनचं घड्याळ पुढं ढकलून बघायचे, बिघडलं तर दुरुस्त करायचे आणि वर 'तपासले' असं हिरवं स्टिकर चिकटवायचे. स्टिकरचा लोकांना भारी सोस. बेलापूरच्या एका दुकानदारानं कॅल्क्युलेटरवर, भिंतीवरच्या घड्याळावर आणि शेवटी आग्रह करकरून फ्रीजवरही लावून घेतलं. फ्रीजला तारीख कळत नाही हे सांगून त्याचा आनंद कशाला घालवायचा? लावलं.

डिसेंबरात जामखेडजवळच्या एका हॅचरीतून बोलावणं आलं. हॅचरी म्हणजे अंडी उबवायची जागा. खोलीएवढं मशीन, आत अंड्यांचे ट्रे, आणि ते ट्रे थोड्याथोड्या वेळानं इकडून तिकडे कलते करायचं काम एका छोट्या पेटीतल्या कॉम्प्युटरकडे. अंडी नुसती एका जागी पडून राहिली तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. हॅचरी मायलेकांची. लेक माझ्याहून थोडे मोठे, मशीनला घाबरणारे. आई पन्नाशीची, कुणालाच न घाबरणारी. लेकाला मी भाऊ म्हणायला लागले आणि आईला मावशी.

मावशींनी त्या साली मोठा शब्द देऊन ठेवला होता. जवळच्या वस्तीवरच्या बायका दरसाल दिवाळी झाली की पोरं म्हाताऱ्यांजवळ ठेवून, बिऱ्हाड बांधून उन्हाळ्यापर्यंत ऊसतोडीला जायच्या. मावशींनी त्यांना अडवलं. "पिल्लं मी देते, परसात कोंबड्या पाळा, यंदा जाऊ नगा." बायका राहिल्या, तोडीच्या टोळ्या निघून गेल्या. त्यांच्या पिल्लांची अंडी आता मशीनमध्ये जाणार आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फुटणार होती. म्हणजे एकतीस डिसेंबर बरोब्बर मधोमध. मशीननं दगा दिला तर त्या बायकांच्या हातात ना कोयता, ना कोंबडी.

मी रिकाम्या मशीनमध्ये अंडी ठेवल्याची खोटी नोंद केली, घड्याळ वर्षाच्या शेवटच्या मिनिटावर नेलं आणि आम्ही तिघं पेटीकडे टक लावून उभे राहिलो. नव्व्याण्णवचे शून्य-शून्य झाले. पेटीनं एक बारीक टिक केलं आणि ट्रेची मोटर बंद! मशीनच्या हिशोबानं अंडी ठेवायला अजून नव्व्याण्णव वर्षं अवकाश होता, मग फिरवायचं कशाला? भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र मनातल्या मनात उड्या मारत होते. इतके महिने ठिकठिकाणी फक्त स्टिकर लावत फिरल्यावर मला एक खराखुरा बिघाड सापडला होता!

पेटी बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. पण उपाय मला तोंडपाठ होता. साल अठ्ठावीस वर्षं मागं न्यायचं, की तारखा आणि वार जसेच्या तसे जुळतात, एकोणतीस फेब्रुवारीसकट. वार जुळायलाच हवा होता, कारण सोमवारच्या अंड्यांची रांग वेगळी आणि गुरुवारची वेगळी, हे ते मशीन वारावरून ओळखायचं. मी ऐटीत बटणं दाबली.

"झालं! आता मशीनला वाटतंय, एकाहत्तर साल चालू आहे."

मावशी पदराला हात पुसत पुढं आल्या. "आन् एकाहत्तर सरल्यावर काय येतं, म्हाईत हाय का तुला?"

"बहात्तर," मी म्हणाले, आणि म्हणतानाच माझी जीभ अडखळली. आमच्या जिल्ह्यात बहात्तर म्हणजे दुष्काळ. आमच्या घरात मोठी माणसं त्या सालाचं नावसुद्धा आवाज खाली करून घ्यायची. आणि मी, तोंडी हिशोब करणारी शहाणी मुलगी, जामखेडात उभी राहून एका बाईला सांगत होते की येत्या एक तारखेला तुमच्या दारात बहात्तर आणून सोडते.

"बंद कर ती पेटी," मावशी म्हणाल्या. "बहात्तरला मी रस्त्याच्या कामावर खडी फोडत हुते. ह्यो तान्हा, पाटीत निजायचा, तसल्या उनात. दारच्या कोंबड्या एकेक करून संपल्या. त्या सालात मी अंडी ठिवायची न्हाई."

"आई, नुसता आकडा हाय त्यो," भाऊ म्हणाले.

"मंग दुसरा टाक. नुसता आकडाच हाय तर."

मला हसू फुटत होतं. बाहेर अंड्यांचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला. मावशी मशीनच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. एक बी अंडं आत जानार न्हाई म्हणाल्या.

मी बोटांवर मोजत आणखी अठ्ठावीस मागं गेले. "मावशी, चव्वेचाळीस चालेल?"

"चव्वेचाळीसला काय हुतं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. तिघांपैकी कुणी जन्मलंच नव्हतं. भाऊंनी मोटारसायकलला किक मारली आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आबांना विचारायला गेले. टेम्पोवाल्याला चहा दिला. कशासाठी थांबलोय ते त्याला सांगितलं, तर तोही उत्सुकतेनं रस्त्याकडे डोळे लावून बसला.

भाऊ धापा टाकत परत आले. "आबा म्हनले, रॉकेल मिळत नव्हतं, इंग्रजाचं राज्य हुतं, पन पाऊस लई ब्येस. ज्वारी मानसाच्या डोक्याच्या वर!"

मावशींनी नीट विचार केला. "रॉकेलाचं काय, मशीन लाइटवर चालतंय. इंग्रज चालंल. टाक."

मी त्रेचाळीसचा डिसेंबर टाकला आणि टेम्पोवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आम्ही चौघं इतके हसलो की भाऊंना ट्रे धड उचलता येईना, आणि मावशी हसता हसता त्यांना ओरडत होत्या.

एक जानेवारीला कुठंच काही झालं नाही. नंतर महिनाभर लोकांनी मला भंडावलं, "काय मॅडम, उगीच घाबरवलं की!" पण त्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं जामखेड गाठलं. पेटीवर चव्वेचाळीस झळकत होतं आणि मोटर मजेत घरघरत होती. माझा जीव भांड्यात पडला. मावशींनी विचारलं, "वाटंत इंग्रज दिसला का गं?"

पिल्लं निघायच्या दिवशी सुटी टाकून पुन्हा गेले. दाराला कान लावला तर आतून नुसता चिवचिवाट. दार उघडलं आणि मी वेड्यासारखी ओरडले. वस्तीवरच्या बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. मशीननं इमानेइतबारे खोक्यांसाठी चिठ्ठ्या छापल्या होत्या, जन्मसाल चव्वेचाळीस. एकीनं ती वाचली. "अगं बया, ही तर माझ्या सासूच्या वयाची!" दुसरी म्हणाली, "मंग पाया पड की!" आणि ती खरंच पदर सावरून पिल्लाच्या पाया पडली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

संध्याकाळी एसटीला मला सोडायला मावशी रस्त्यापर्यंत आल्या. समोर वस्ती होती. घराघरातून बायकांचा आरडाओरडा चालला होता. "आरं हात लावू नगं, मरंल!" "सोड म्हन्ते ना तिला!" पोरं काही ऐकत नव्हती, आवाज वाढतच होते. मला पुन्हा हसू आलं. म्हटलं, काय हा गोंधळ.

मावशी हसल्या नाहीत. कान देऊन ऐकत राहिल्या.

"जानेवारीत हितं पोरांवर वरडायला आई नसती गं," त्या म्हणाल्या.